सोळाव्या मजल्याच्या वर

१

संध्याकाळी साडेसहाला रघुवीरराव पाटणकर चहाचा दुसरा कप घेऊन स्वयंपाकघरात खिडकीशी बसत. चहा दुसरा, पण पावडर पहिलीच. शुभदाताई तीच पुन्हा उकळत आणि तुमच्या रक्तदाबासाठी हेच बरं, असं सांगत. रघुवीरराव सकाळचाच पेपर पुन्हा उघडत. शिळ्या पावडरीबरोबर शिळी बातमी चांगली लागते, असं त्यांचं म्हणणं होतं.

सिंगापूरच्या चोआ चू कांग भागातल्या त्या फ्लॅटचं स्वयंपाकघर ब्लॉकच्या जिन्याला लागून होतं. ब्लॉक सोळा मजल्यांचा. लिफ्ट होती, पण ती पहिल्या, सहाव्या, अकराव्या आणि सोळाव्या मजल्यावरच थांबे. मधल्या लोकांच्या तब्येतीची काळजी सरकारला अधिक असावी. पाटणकर दहाव्यावर राहत. त्यामुळे त्यांच्याकडे येणारा माणूस अकराव्यावर लिफ्टमधून निघे आणि एक जिना उतरून खाली येई. पाहुणे, गॅसवाला, निवडणुकीतले उमेदवार, सगळे वरूनच अवतरत. खालून चढून दहाव्यापर्यंत येणारा माणूस विरळा.

त्या सोमवारी पावलं खालून आली.

जड पावलं, एका चालीची. घाई नाही, रेंगाळणं नाही. प्रत्येक मजल्यावर कठड्याच्या लोखंडी नळीवर तळहाताची एक थाप. आणि पावलांच्या मधून पाण्याची डचमळ. पाठीवरच्या सॅकमध्ये दीड-दीड लिटरच्या दहा बाटल्या असल्या आणि त्या काठोकाठ भरलेल्या नसल्या की होते तशी.

पेपरातून मान वर न करता रघुवीरराव म्हणाले, "आला बघ तुझा हमाल."

गेल्या वर्षी ते रोज असंच म्हणत. शुभदाताईंची पाठ त्यांच्याकडे होती. कुकरची शिट्टी झाली. थाप दहाव्यावर पडली, अकराव्यावर पडली, पावलं वर गेली.

मग रघुवीररावांनी पेपर खाली ठेवला. कारण तो हमाल, म्हणजे त्यांचा मुलगा विक्रांत, जाऊन सहा महिने झाले होते.

२

विक्रांत तीस वर्षांचा होता. तांजोंग पगारच्या एका बँकेत नोकरी करी आणि शनिवार-रविवार डोंगरांची पुस्तकं वाची. सिंगापूरमध्ये डोंगर नाही. बुकित तिमा नावाची एक टेकडी आहे, तिच्या माथ्यावर घरून नेलेला चहा गरम असतानाच पोचता येतं. म्हणून इथले हिमालयात जाणारे लोक जिने चढतात. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरायच्या, पायांत डोंगरातले बूट घालायचे आणि राहत्या ब्लॉकच्या तळापासून माथ्यापर्यंत चढायचं. खाली येऊन पुन्हा चढायचं. असं दहा वेळा. बाजूने मासळीची पिशवी घेऊन जाणाऱ्या बाया काही म्हणत नाहीत. शहाण्या बाया आहेत.

विक्रांत आणि त्याच्या क्लबातल्या चौघांनी २००५च्या ऑक्टोबरात नेपाळातलं आयलंड पीक ठरवलं. "बेटावरून निघायचं आणि बेटावरच चढायचं," रघुवीरराव म्हणाले होते, "मग घर काय वाईट आहे?" उंची सहा हजार एकशे एकोणनव्वद मीटर. परवान्याच्या कागदावर त्याचा वर्ग लिहिला होता, ट्रेकिंग पीक. रघुवीररावांचा सगळा जन्म जहाज कंपनीच्या कचेरीत मालाच्या याद्या तपासण्यात गेलेला. कागदावर ट्रेकिंग म्हटलंय ना, म्हणजे चालायचं आहे, पडायचं नाही, असा अर्थ लावून ते निर्धास्त झाले. याद्या तपासणाऱ्याला जहाज बुडतं हे ठाऊक असतं, पण त्याचा रकाना वेगळा असतो.

पाचही जण माथ्यावर पोचले. सगळ्यांत आधी विक्रांत. उतरताना दोघांना डोकेदुखी आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. दोर बांधलेल्या कड्यावर विक्रांत एका कपारीत बसला आणि म्हणाला, तुम्ही पुढे व्हा, मी येतोच. शेर्पाने आजारी माणसं आधी खाली नेली. दीड तासाने तो परत वर गेला, तेव्हा ढग उतरले होते आणि कपारीत कुणी नव्हतं. चार दिवस शोधलं. काही सापडलं नाही.

काहीच सापडलं नाही म्हणून काहीच करता आलं नव्हतं. शेवटी रघुवीररावांच्या पुण्याच्या भावाने, संजीवने, गुरुजींना विचारलं. देह मिळाला नाही तर दर्भाची प्रतिमा करतात, तिला अग्नी देतात आणि मग पुढचं सगळं रीतीप्रमाणे होतं. येत्या रविवारची विमानाची तिकिटं काढली होती. शुभदाताईंनी बॅगही भरायला घेतली होती.

आणि सोमवारी पावलं आली.

३

मंगळवारी आली. बुधवारीही आली. साडेसहालाच.

रघुवीररावांनी स्वतःची नीट उलटतपासणी घेतली. ब्लॉकमध्ये सोळा मजले, मजल्याला आठ घरं. त्यांतल्या कुणी व्यायाम सुरू केला असेल. पाण्याच्या बाटल्या? दुकानातून आणल्या असतील. थाप? कठडा दिसला की माणूस हात मारतोच. बुधवारी ते उठून जिन्याच्या तोंडाशी गेले. त्यांचे गुडघे जुने, तिथवर पोचेतो पावलं अकराव्याच्या वर गेलेली. वळणाशी सावलीही नव्हती. बाहेर अजून लख्ख उजेड होता. खालच्या मैदानात पोरं फुटबॉल खेळत होती.

गुरुवारी सकाळी लिफ्टमध्ये मिसेस लिम भेटल्या. सोळाव्यावर राहणाऱ्या या चिनी बाई लेकीच्या बाळंतपणासाठी मलेशियात इपोहला गेल्या होत्या, त्या आठ महिन्यांनी परतल्या होत्या. हातात लेट्यूसची जुडी आणि चेहऱ्यावर नातवाचा आनंद.

"अंकल! युअर सन सो हार्डवर्किंग, आह?" त्या म्हणाल्या. "एव्हरी इव्हिनिंग स्टिल क्लाइंबिंग. माय सन ओन्ली सिट अँड ईट."

रघुवीररावांना लिफ्टची बटणं एकाएकी फार बारीक दिसायला लागली.

"यू सॉ हिम?" त्यांनी विचारलं.

"नो लाह. माय डोअर क्लोज्ड, एअरकॉन ऑन. ओन्ली हिअर." मग जरा लाजत, तक्रार नाही हे दाखवत त्या म्हणाल्या, "बट अंकल, टेल हिम, रूफ नॉट अलाउड, यू नो. टाउन कौन्सिल व्हेरी स्ट्रिक्ट. ही ऑल्वेज गो अप, अप. आय नेव्हर हिअर हिम कम डाउन."

अकरावा मजला आला. "आय विल टेल हिम," रघुवीरराव म्हणाले आणि बाहेर पडले.

४

सोळाव्याच्या वर जिना नव्हता. एक अर्धा टप्पा होता, पाण्याच्या टाक्यांकडे जाणारा, आणि त्याच्या शेवटी कुलूप लावलेलं लोखंडी दार.

गुरुवारी रघुवीररावांनी कान देऊन थापा मोजल्या. अकरावी, बारावी. सोळावी. मग, आधीच्याच चालीत, सतरावी. अठरावी. पावलं अडखळली नाहीत, कुठे दार वाजलं नाही. फक्त लांब गेली, जसा रस्त्याने जाणारा माणूस लांब जातो. चाळिसावी थाप ऐकू आली, की आली असं वाटलं, ते त्यांना सांगता आलं नसतं. चहावर साय धरली होती.

त्याच संध्याकाळी दर्शन आला. दर्शन हा विक्रांतचा मित्र, त्या पाचांतला एक. सेम्बावांगच्या गोदीत मरीन इंजिनिअर. परत आल्यापासून दर महिन्याला येई, फळं आणी आणि खुर्चीच्या काठावर बसे. जिवंत परत आल्याबद्दल माफी मागायला आल्यासारखा. शुभदाताई खाली भाजी आणायला गेल्या होत्या.

"दर्शन, एक विचारू? तो कपारीत का बसला?"

दर्शनने हातातलं संत्रं सोलायचं थांबवलं. "दमला होता, काका."

"सगळ्यांत आधी वर पोचलेला माणूस सगळ्यांत आधी दमला?"

"हाइट आहे ना काका, कुणालाही..."

"अरे, मी तीस वर्षं लोकांच्या सबबी वाचल्या आहेत. नीट सांग."

दर्शनने संत्रं बशीत ठेवलं. "त्याचे पाय लटपटत होते, काका. चढताना मशीन होता तो. उतरायला लागलो आणि मांड्या थरथरायला लागल्या, पाऊल टेकलं की गुडघा वाकायचा. तो हसत होता. म्हणाला, दर्शन, आपण साला उतरायची प्रॅक्टिसच केली नाही रे. वी ऑल्वेज टुक द लिफ्ट."



लिफ्टची कल्पना रघुवीररावांची होती. विक्रांत आधी जिन्यानेच उतरे. रघुवीररावांनीच त्याला थांबवलं होतं. "चढायचं जिन्यानं, उतरायचं लिफ्टनं. गुडघे बाजारात सुटे मिळत नाहीत. माझे बघ." आणि नुसतं सांगून ते थांबले नव्हते. रोज संध्याकाळी चहा संपला की ते सोळाव्यावर जाऊन उभे राहत. पोरगा धापा टाकत वर आला की लिफ्टच्या दारात पाय घालून ती अडवून धरत आणि अख्ख्या ब्लॉकच्या शिव्या खात. फार अभिमानाने खात.

"काका, मी तुम्हाला सांगणार नव्हतो," दर्शन म्हणाला.

"संत्रं खा," रघुवीरराव म्हणाले. "आंबट असेल तर सांग, शुभदा साखर देईल आल्यावर."

५

शुक्रवारी साडेसहाला शुभदाताईंनी कुकर लावला. पहिली शिट्टी आणि पहिली थाप एकदमच आली. रघुवीरराव बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की दोन माणसांच्या भाताला कुणी सहा शिट्ट्या देत नाही.

"शुभदा."

"काय?"

"भाताचा पार लगदा होतो हल्ली."

"मग हॉटेलात जेवा."

"साडेसहालाच का लावतेस कुकर? आपण आठला जेवतो."

त्या वळल्या नाहीत. ओट्यावरचं फडकं घेऊन कोरडाच ओटा पुसायला लागल्या. पावलं भिंतीच्या पलीकडून, त्यांच्या खांद्यापासून हातभर अंतरावरून वर गेली.

"मला काय ऐकू येत नाही?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला सोमवारी आलं. मला तो गेल्याच्या तेराव्या दिवसापासून येतंय. तुमचं लक्ष पेपरात. मी पंखा लावला, रेडिओ लावला, शेवटी कुकर लावला. सोमवारी तुम्ही म्हणालात, आला बघ तुझा हमाल, तेव्हा माझ्या हातून डाव पडायचा राहिला."

"सहा महिने? आणि मला बोलली नाहीस?"

"बोलून काय करणार होतात? वर जाऊन लिफ्ट धरणार होतात?"

हे त्या नेहमीच्या तिरकस सुरात बोलल्या. मग फडकं बाजूला ठेवून त्याच म्हणाल्या, "म्हणून तर रविवारी जाऊ या म्हणते. अग्नी दिला की थांबेल. दमला असेल हो तो. रोज रोज किती चढायचं माणसानं!"

"आणि थांबला नाही तर?"

"तर नाही. आईनं निदान पाणी तरी सोडलं म्हणेल."

"तो खाली यायला बघत असेल, शुभदा. त्याला येत नसेल. मी शिकवलं नाही त्याला." रघुवीररावांचा आवाज त्यांचाच त्यांना अनोळखी वाटला. "आधी त्याला खाली तर आणू दे. मग जाळ हवं ते."

शुभदाताईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे तोंड केलं. "कसं आणणार?"

"उतरून दाखवणार."

"तुम्ही? या गुडघ्यांनी?"

"याच," रघुवीरराव म्हणाले.

६

शनिवारी सव्वासहाला ते लिफ्टने सोळाव्यावर गेले आणि जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून उभे राहिले. पंख्याखाली वाळत घातलेल्या कपड्यांचा, कुणाच्या तरी मासळीच्या रश्श्याचा वास येत होता. मिसेस लिमच्या बंद दाराआड टीव्हीवर कुणीतरी चिनी भाषेत भांडत होतं. भुताटकीला इतकी गैरसोयीची जागा शोधून सापडली नसती, असं रघुवीररावांच्या मनात आलं आणि त्यांना थोडा धीर आला.

साडेसहाला खूप खालून पहिली थाप आली.

ते वाकून बघत होते. जिन्याच्या मधल्या फटीतून पार तळापर्यंत कठड्याची नळी दिसत होती. थापा वर येत होत्या. हात दिसत नव्हता. आठवी. नववी. दहाव्यावर थाप जराशी हळू पडली. घरावरून जाताना तो तशीच मारी. चौदावी. पंधरावी. डचमळ आता इतकी जवळ होती की कोणत्या बाटलीत पाणी कमी आहे तेही सांगता आलं असतं. मधल्या वळणावर पावलं आली. रघुवीरराव रोखून बघत होते. वळण रिकामं होतं.

मग त्यांच्या हाताखालचा कठडा थरथरला. आणि पुढचं पाऊल त्यांच्या पाठीमागे, वर पडलं.

"विक्रांत," ते म्हणाले. "थांब."

पावलं थांबली.

सहा महिन्यांत पहिल्यांदा जिना गप्प झाला. रघुवीररावांनी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथे कुलूप लावलेलं दार दिसलं असतं, आणि ते त्यांना नको होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "लिफ्ट नको. हे बघ, मी पुढे चालतो, तू माझ्या मागून ये. आधी टाच टेकायची. गुडघा ताठ ठेवायचा नाही. हात कठड्यावर. घाई नाही, आपल्याला कुठंही जायचं नाही. घरीच जायचंय."

त्यांनी एक पायरी उतरली. गुडघ्यात कळ आली. दुसरी उतरली.

मागे एक पाऊल पडलं. खाली.

ते पाऊल चुकत होतं, घसरत होतं, नुकतं चालायला लागलेल्या मुलासारखं दोन्ही पाय एका पायरीवर आणून मगच पुढे येत होतं. रघुवीररावांचे डोळे भरून आले. "शाब्बास," ते म्हणत राहिले. "शाब्बास रे. असंच." पंधरावा. चौदावा. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला. तेराव्यावर त्यांना जाणवलं की मागून डचमळ येत नाही. ते क्षणभर थबकले. मागचं पाऊलही थबकलं. पण लगेच त्यांना उत्तर सापडलं: पाणी वर ओतून टाकायचं असतं. विक्रांतच सांगायचा, वजन फक्त चढायला, उतरताना सॅक रिकामी. त्यांना हायसं वाटलं. बाराव्यावर थाप पडली नाही. त्यालाही उत्तर होतं: दोन्ही हातांनी कठडा धरून उतरणारा माणूस थाप कशी मारेल?

अकरावा. मागून येणारा श्वास आता त्यांना ऐकू येत होता, आखूड, तोंडाने घेतलेला, मधेच विसरल्यासारखा थांबणारा.

"आलंच घर," ते म्हणाले. "आई वाट बघतेय."

७

शुभदाताईंनी दार उघडून ठेवलं होतं, बाहेरचं जाळीचंही. कुकर लावलेला नव्हता. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या, आणि आज त्यांनी चांगली साडी नेसली होती.

जिन्याच्या शेवटच्या वळणावर रघुवीरराव दिसले तसा त्यांचा चेहरा उजळला. मग नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली. त्या बघत राहिल्या. डोळे बारीक करून, मान थोडी वाकडी करून, चांगी विमानतळावर काचेच्या दारातून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाकडे माणूस आधी आशेने बघतो आणि मग त्याच्या मागे बघायला लागतो, तशा. त्यांची नजर मागच्या जिन्यावर गेली. तिथून परत आली.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हा आपला नाही."

रघुवीरराव शेवटच्या पायरीवर उभे होते. त्यांनी कठड्याकडे बघितलं. त्यांच्या हातापासून वीतभर मागे नळीवर एक हातमोजा होता. जुना, लोकरीचा, घरी विणलेला, बर्फाने ताठरलेला, बोटांच्या टोकांशी काळा पडलेला. कुणीतरी फार वर्षांपूर्वी कुणासाठी तरी विणलेला. तो नळी घट्ट धरून होता.

तेव्हा वर, सोळाव्याच्याही खूप वर, थाप पडली. पाठोपाठ पाण्याची डचमळ. तीच चाल. घाई नाही, रेंगाळणं नाही.

"विक्रांत!" रघुवीरराव ओरडले. त्यांना वळायचं होतं, पुन्हा वर जायचं होतं. पण जिना अरुंद होता आणि वाटेत तो मागून आलेला उभा होता, आणि त्याला बाजूला हो म्हणण्याचं त्यांना धाडस होईना. त्यांचे पाय मांड्यांपासून थरथरत होते. उतरताना एवढे थरथरतात हे त्यांना आज कळलं.

शुभदाताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. इतक्या लांबून कुणी दाराशी आल्यावर काय करायचं असतं, ते त्यांना एकच ठाऊक होतं.

"या," त्या म्हणाल्या. "आत या. बूट तेवढे इथं काढा."

रघुवीररावांच्या कोपराला काहीतरी ओझरतं लागून पुढे गेलं. उंबऱ्याशी कुणीतरी जड होऊन खाली बसलं. बुटाची नाडी ओढण्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. बोटं चालत नव्हती. गाठ सुटत नव्हती.

शुभदाताईंनी साडी सावरली, गुडघे टेकले, आणि वाकून त्या गाठ सोडायला लागल्या. वर एक थाप पडली. मग तिच्याही वर एक.